पहिली दाढी: कधी, कशी आणि तोवर काय

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात आमचं दोन खुर्च्यांचं केस-दाढीचं दुकान आहे. वडिलांनी टाकलं, आता मी चालवतो. सोमवारी बंद. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने एक ठरावीक गिऱ्हाईक सुरू होतं. हीच पोरं लहान असताना बापाबरोबर यायची. खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी आडवी टाकून मी त्यांना बसवलेलं असतं आणि मशीनचा आवाज ऐकून त्यांनी दुकान डोक्यावर घेतलेलं असतं. आता ती एकटी येतात. बाहेर मोबाइल बघत उभी राहतात. आतलं ओळखीचं माणूस उठून गेलं की आत सरकतात, घसा खाकरतात आणि जमेल तेवढ्या जाड आवाजात म्हणतात, "मामा, दाढी."

मी दिव्याखाली त्याची मान कलती करतो, दोन्ही गाल बघतो आणि विचारतो, "कुणाची?"

हा विनोद मी पंचवीस वर्षं करतोय, अजून एकही पोरगा हसलेला नाही. त्यांच्या जागी मीही हसलो नसतो. शेजारच्या बाकावरच्याला मिशी आलेली असते, याच्या ओठावर नुसती सावली. आवाज मध्येच फाटतो. घरात सिलिंडर आणायला, आजीला दवाखान्यात न्यायला तो मोठा असतो आणि मित्रांबरोबर रात्री बाहेर जायचं म्हटलं की लहान. मग मोठं असल्याचा पुरावा म्हणून दाढी. त्याला फार खर्च येत नाही आणि चेहऱ्यावर लगेच दिसतो, एवढंच.

तर प्रत्येकाला खुर्चीत बसवून जे सांगतो तेच इथं लिहितोय. बापांनीही वाचावं. बरेचसे बाप हे शिकवायला लाजतात आणि पोराला माझ्याकडे पाठवून मोकळे होतात.

पहिलं म्हणजे, घाई आहे का ते बघा. केस सगळीकडे एकदम येत नाहीत. आधी वरच्या ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांत येतात, तिथून मध्ये सरकतात. मग कानाजवळ गालाच्या वरच्या भागावर आणि खालच्या ओठाच्या खाली. हनुवटी आणि जबड्याची कड शेवटी. हे सगळं भरून यायला कुणाला अठरावं लागतं, कुणाला पंचविसावं. बापाला दाट आहे म्हणून पोराला सोळाव्यातच येईल असं काही नाही; आईकडच्या मामा-आजोबांचंही त्यात असतं. आमच्याकडे कृष्णेवरच्या इर्विन पुलाला पुराचं पाणी मोजायची पट्टी आहे. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका, सांगलीच्या शेंबड्या पोरालाही हे पाठ असतं. 2019 ला दुकानात पाणी शिरलं तेव्हा आम्ही खुर्च्या माळ्यावर टाकून त्या पट्टीचेच आकडे ऐकत बसलो होतो. मिसरुडाला अशी पट्टी नाही, पण माझी एक खूण आहे. आरशापासून दोन हात लांब, दिवसाच्या उजेडात उभं राहायचं. तिथून केस वेगळे दिसले तर दाढी. नाक आरशाला टेकवून शोधावे लागत असतील तर ती लव आहे. लवेला वस्तरा लावून काही बिघडत नाही आणि काही मिळतही नाही.

"पण मामा, फिरवली की दाट येते म्हणतात." म्हणतात खरं. अहो, तसं असतं तर मी माझ्या टकलावर रोज सकाळी फिरवली नसती का? केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, ब्लेड वरचं कापतं. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं म्हणून मऊ लागतो. कापला की तोच केस बोथट होऊन वर येतो, हाताला खरखरतो आणि पोराला वाटतं, आली. आलेलं काही नसतं. महिन्याला सेंटिमीटरभर वाढायचा तेवढाच वाढतो.

माझ्याकडे एक भिक्षुकीचं काम करणारे गुरुजी येतात. त्यांनी सांगितलं की सोळा संस्कारांत केशान्त नावाचा एक आहे. सोळाव्या वर्षी पोराची पहिली दाढी करायची आणि गुरूला गाय द्यायची, म्हणून त्याला गोदान असंही म्हणायचे. म्हणजे ही सोळाव्या वर्षाची खाज जुनीच आहे. फक्त दाढी करणार न्हावी आणि गाय जाणार गुरूकडे, हा हिशोब मला काही पटलेला नाही.

केस येईपर्यंत पोरं काय काय करतात ते दुकानात कळतं. कांद्याचा रस लावून आलेला पोरगा दारातच ओळखू येतो. एरंडेलाने केस चमकतात, उगवत नाहीत. हल्ली ऑनलाइन मिनॉक्सिडिल मागवतात. ते औषध आहे, तेल नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ओठाला लावायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काळी मेंदी. गॅदरिंगच्या आदल्या रात्री एकाने घरातली डायची पुडी कालवून ओठावर झोकदार मिशी काढली होती. सकाळी तोंडाला रुमाल बांधून दुकानात आला. ओठ वड्याएवढा सुजलेला, वर पाण्याचे फोड. त्या काळ्या रंगात पीपीडी नावाचं रसायन असतं आणि काहींच्या कातडीला ते अजिबात चालत नाही. मी हात लावला नाही, रिक्षात घालून डॉक्टरकडे पाठवलं. मोठ्यांनीही डाय लावायच्या आधी कानामागे ठिपकाभर लावून दोन दिवस थांबायचं असतं. पोरांनी मिशीला तो लावूच नये.

आता हाताबद्दल. माझी स्वतःची घाई सांगतो.

1991 साल. मी नववीत होतो. दुकानात माझं काम म्हणजे केस झाडणं, पाणी तापवणं, ब्रश धुणं. वडील मला रोज संध्याकाळी एक फुगा फुगवून द्यायचे. त्याला साबण फासायचा आणि वस्तऱ्याने तो साबण फुगा न फुटता काढायचा. महिनाभरात माझे फुगे फुटेनासे झाले आणि मी मनातल्या मनात कारागीर झालो. मिशीची एक रेघही होती मला, तिला मी खोबरेल लावायचो.

हळदीचे दिवस होते. मार्केट यार्डात सौद्याला आलेली माणसं पेठेत फिरायची. दुपारी वडील जेवायला घरी गेले आणि जतकडचा एक म्हातारा शेतकरी आत आला. डोक्याला पटका, अंगाला हळदीचा वास, चार दिवसांची पांढरी खुंटं. "बा कुटं गेला रं तुजा?" मी म्हणालो, "बसा की. मीच करतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फळीवरून ब्रश उचलून फेस करायलाही लागलो होतो. माणूस भला होता, बसला.

दोन्ही गाल झाले. चांगले झाले. आता लिहिताना सुद्धा सांगतो, गाल चांगले झाले होते. मग मी हनुवटीवर आलो. फुग्याला हनुवटी नसते. म्हाताऱ्याच्या तोंडात दात नव्हते, कातडी सैल, मधे खळगा. ती ताणून धरायची असते हे मला ठाऊक होतं, पण ताणायला डावा हात लावला तर शिकाऊ दिसू अशी मला भीती. म्हणून वडील कधीकधी करायचे तसा एका हातानं झोकात वस्तरा ओढला. पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली आणि पसरतच गेली.

ते ओरडले नाहीत. "लागलं व्हय?" एवढंच म्हणाले. माझे हात असे कापायला लागले की मी वस्तरा खाली ठेवायचाही विसरलो. तेवढ्यात वडील आले. त्यांनी माझ्या हातातून तो काढून घेतला, स्वच्छ फडकं जखमेवर दाबून धरलं आणि त्यांना पाऊसपाणी विचारत बसले. पाच मिनिटं. मग तुरटी लावली, उरलेली दाढी पुरी केली, पैसे घेतले नाहीत. मला एक शब्द बोलले नाहीत. त्या रात्री पुन्हा फुगा आणि पुढचं दीड वर्ष फुगाच. मधे एकदा धीर करून म्हणालो, "मी आता लहान नाही." तर म्हणाले, "गिऱ्हाइकाला कुठं माहीत असतंय ते?"

हे सगळं सांगायचं कारण माझा भाचा. तासगावहून अकरावीसाठी आमच्याकडे राहायला आला. आठवड्याच्या आत माझ्याच रेझरने गुपचूप प्रयोग करून बसला आणि वरच्या ओठावर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवून जेवायला आला. "काय झालं रे?" तर म्हणे मांजर. आमच्याकडे मांजर नाही. मग पुढच्या सोमवारी, दुकान बंद असताना, त्याला बेसिनसमोर उभा केला. तेव्हा जसं शिकवलं तसंच खाली देतो.

रेझर स्वतःचा. बापाचा, मामाचा, होस्टेलमधल्या पार्टनरचा नाही. रक्ताचा न दिसणारा अंशही ब्लेडला राहतो आणि ब प्रकारची कावीळ तेवढ्यानं लागू शकते. शिकताना दोन पात्यांचा साधा वापरून टाकायचा रेझर बरा. पाच पात्यांचा महागडा घेऊन पोरं पिंपल्सवरून नांगर फिरवतात. दुकानात करणार असाल तर नवं ब्लेड तुमच्यासमोर कागदातून काढून मोडून घालायला सांगा. कुठलाही चांगला कारागीर यावर रागावत नाही. जो रागावेल त्याच्या खुर्चीतून उठा, भले तो मी असलो तरी.

वेळ संध्याकाळची, आंघोळीनंतर. पेपरच्या, लग्नाच्या किंवा फोटोच्या दिवशी सकाळी पहिली दाढी करायची नाही. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला नॅपकिन दोन-तीन मिनिटं तोंडावर ठेवायचा. केस पाणी पितो, मऊ होतो, मग ब्लेडला जोर लागत नाही. क्रीम बदामाएवढं पुरतं. ब्रश गोल फिरवत फेस करायचा आणि मिनिटभर तसाच राहू द्यायचा. भाच्याने पहिल्यांदा एवढं क्रीम घेतलं होतं की बेसिनमध्ये गणपती विसर्जनाचा फेस झाला.

नॅपकिन ठेवायच्याही आधी एक काम असतं आणि तेच सगळे विसरतात. कोरड्या गालावर बोट चारी बाजूंनी फिरवून बघायचं. जिकडे गुळगुळीत लागतं तिकडे केसांचा कल. गालावर तो बहुतेक खाली असतो, पण गळ्यावर काहीही असतं. कुणाचा आडवा, कुणाचा खालून वर, कुणाला तिथं चक्क भोवरा असतो. आपला गळा आपणच शोधायचा. पहिलं वर्षभर फक्त कलाच्या दिशेनं, म्हणजे आमच्या भाषेत सरळ हात. दुकानात "उलटा मारू का?" म्हणून विचारलं तर नको म्हणायचं. उलट्या हातानं गाल काचेसारखा होतो खरा, पण कोवळ्या कातडीत केस आतच वळून बसतात आणि तिसऱ्या दिवशी लाल पुरळ येतं.

आता डावा हात. माझं दीड वर्ष फुग्यावर ज्याच्यामुळे गेलं तो. कानाजवळची कातडी वर ओढायची, जबड्यापाशी मान वळवून ताणायची, वरच्या ओठाला तो दातांवर ओढून घ्यायचा, म्हणजे म्हातारं तोंड करतो तसं. हनुवटीला खालचा ओठ आत घ्यायचा. आरशात माकड दिसतं. दिसू दे. रेझर हलका, कातडीला तिरपा, आपल्याच वजनानं खाली येईल असा. छोटे छोटे हात, बोटाच्या दोन पेरांएवढे. दर दोन हातांनी रेझर पाण्यात धुवायचा. आधी गाल, मग गळा, मग हनुवटी, ओठ सगळ्यात शेवटी, कारण तिथले केस राठ असतात आणि त्यांना फेसात जास्त वेळ मिळतो. फेस गेला तिथं पुन्हा ब्लेड नाही. राहिलं असं वाटलं तर परत फेस लावून. पिंपल आलं तर त्याला वळसा. त्याचं टोक उडालं की डाग महिनोन् महिने राहतो आणि मग तो झाकायला पोरं आणखी काहीतरी लावतात.

भाच्याला सगळं मिळून वीस मिनिटं लागली. काढलेले केस मोजले असते तर चाळीसच्या आसपास भरले असते.

नंतर गार पाणी, नॅपकिननं टिपायचं, घासायचं नाही. तुरटीचा खडा ओला करून हलका फिरवायचा आणि धुऊन टाकायचा. खडा प्रत्येकाचा वेगळा. जळजळीत वासाचं आफ्टरशेव्ह लावून तोंडातून सीऽऽ काढायची हौस पोरांना असते. पिंपल असलेल्या कातडीला ते त्रास देतं आणि खोबरेलही नको, त्यानं छिद्रं बुजतात. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर पुरे. कापलंच, तर स्वच्छ कापड पाच मिनिटं दाबून धरायचं, दर दहा सेकंदाला उचलून बघायचं नाही. वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवायचा नाही, तो हजार हातांतून आलेला असतो. मांजराचं नावही घ्यायचं नाही.

पुढची दाढी दोन हातांवरून केस दिसतील तेव्हा. सुरुवातीला ती महिन्याने येते. दररोज केली तर गाल सोलवटतो, बाकी काही नाही.

एक आणखी, दाढीचं नाही पण दाढीच्याच महिन्यात घडणारं. गेल्या पावसाळ्यात एक सोळा वर्षांचा गडी बापाची दीडशे सीसीची गाडी घेऊन दाढीला आला. दारात दोनदा रेस दिली, म्हणजे आतल्यांना कळावं. मी गाल पुसून देता देता गाडीची चावी उचलली आणि गल्ल्यात टाकली. तो भडकला. "लगा मामा, मी काय ल्हान हाय का?" म्हटलं, तू लहान नाहीस, कायदा मोठा आहे. सोळाव्या वर्षी घरच्यांच्या संमतीनं बिनगिअरच्या पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं लायसन मिळतं, गिअरच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरगा गाडीवर गुन्ह्यात सापडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द होतं आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. शेवटचं ऐकल्यावर गप्प झाला. बापाच्या कैदेचं त्याला एवढं वाटलं नव्हतं. बाप संध्याकाळी येऊन चावी घेऊन गेला, जाताना माझ्याकडेच रागानं बघत.

आणि शेवटचं काम, जे एकही पोरगा आपणहून करत नाही. बेसिन. फेस, केस, शिंतोडे, सगळं आपणच धुवायचं. भाच्याने पहिले दोन महिने हे मामीसाठी सोडलं होतं. त्याहून वाईट म्हणजे वापरलेला रेझर तसाच उघडा कचऱ्याच्या पिशवीत टाकायचा. एकदा घंटागाडीवरच्या मावशींनी पिशवी दाबली आणि त्यांच्या तळहाताला पातं लागलं. तो गॅलरीत उभा राहून बघत होता. मावशींनी वर बघून विचारलं, "कुणाचं हो हे?" मी खालीच होतो. वरून उत्तर यायला वेळ लागला, पण आलं. "माझं." मग खाली आला, मावशींना नळावर नेलं, हात धुऊन दिला, दवाखान्यात घेऊन गेला, धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं. पैसे माझ्याकडे मागितले नाहीत.

पातं पाच-सहा दाढ्यांनंतर टाकायचं. सुटं ब्लेड असेल तर झाकणाच्या डब्यात, रेझर असेल तर टोपी लावून, कागदात गुंडाळून, वर दोरा किंवा चिकटपट्टी. आमच्या बेसिनवर आता गोळ्यांची एक रिकामी बाटली असते, झाकणाला चीर पाडलेली. तो हल्ली सुटं ब्लेड घालायचा रेझर वापरतो. बाटली भरली की दुकानात आणून माझ्या ब्लेडच्या पत्र्याच्या डब्यात ओतायची असं ठरलंय. गेल्या सोमवारी मी ती हलवून बघितली. आठ महिन्यांत दोन ब्लेडं.